आययू हेल्थ, इंडियानापोलिस: टेस्टिक्युलर कॅन्सरची ट्रीटमेंट, आमचा अनुभव

इंडियानात राहणाऱ्या, आणि खास करून कमिन्स कंपनीमुळे कोलंबसला आलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. माझ्या नवऱ्याला टेस्टिक्युलर कॅन्सर झाला, म्हणजे वृषणाचा, आणि त्याची केमो, नंतरचं मोठं ऑपरेशन आणि आता चालू असलेला फॉलोअप हे सगळं आययू हेल्थच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने झालं. तोच म्हणाला की लिही आणि मोकळेपणाने लिही, कारण आपल्याकडची मुलं हे आईला सांगत नाहीत, मित्रांना सांगत नाहीत, कित्येकदा बायकोलाही सांगत नाहीत, आणि हा आजार जास्त करून १५ ते ३५ या वयातच गाठतो. अमेरिकेत वर्षाला साधारण नऊ-दहा हजार केसेस होतात, म्हणजे इतर कॅन्सरच्या मानाने कमीच, त्यामुळे आपल्या गावातल्या चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरकडेही वर्षाला याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पेशंट येतात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवतीच आहे. आजार दुर्मिळ असेल तर तो रोज बघणाऱ्या माणसांपर्यंत पोचा, आणि इंडियानात ती माणसं तासाभराच्या अंतरावर बसलेली आहेत.

आधी थोडी माहिती देते, कारण आययू हेल्थ म्हणजे एकच हॉस्पिटल असा बऱ्याच जणांचा समज असतो. मेथडिस्ट, इंडियाना युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल आणि मुलांचं रायली अशी तीन हॉस्पिटलं १९९७ मध्ये एकत्र आली, तेव्हा नाव होतं क्लॅरियन, ते २०११ मध्ये बदलून आययू हेल्थ झालं. आज राज्यभर त्यांची डझनभराहून जास्त हॉस्पिटलं आहेत, लाफायेतला आर्नेट, मन्सीला बॉल मेमोरियल, ब्लूमिंग्टन, बेडफर्ड, पेओली वगैरे, आणि या सगळ्याला जोडलेलं इंडियाना युनिव्हर्सिटीचं मेडिकल स्कूल, ज्याचे राज्यात नऊ कॅम्पस आहेत. पण अवघड कामं, म्हणजे ट्रान्सप्लांट, गुंतागुंतीच्या कॅन्सर सर्जरी, मोठा ट्रॉमा म्हणजे गंभीर अपघात, ही मुख्यतः इंडियानापोलिसच्या डाउनटाउनमध्येच होतात. आमचा संबंध आला तो युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आणि त्याला लागून असलेल्या सायमन कॅन्सर सेंटरशी. हे सायमन सेंटर एनसीआयने, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणून मान्यता दिलेलं आहे, २०१९ पासून, आणि हा दर्जा असलेलं इंडियानात दुसरं नाही.

आणि टेस्टिक्युलर कॅन्सरच्या बाबतीत तर ही जागा जगात ओळखली जाते, हे आम्हाला डायग्नोसिस झाल्यानंतर वाचताना कळलं. १९७० च्या आधी हा कॅन्सर शरीरात पसरला की दहातले नऊ तरुण जायचे. सिसप्लॅटिन नावाचं औषध, ज्याची सुरुवात १९६५ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवरच्या प्रयोगातून झाली होती, ते १९७४ मध्ये डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इथेच इंडियानापोलिसमध्ये आणखी दोन औषधांबरोबर जोडून जॉन क्लीलँड नावाच्या विशीतल्या पेशंटला दिलं, बाकी सगळे उपाय थकले होते आणि तो पूर्ण बरा झाला. सिसप्लॅटिनला एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली १९७८ मध्ये. आज पसरलेल्या केसमध्येही साधारण ८० टक्के बरे होतात, आणि सगळ्या स्टेज धरल्या तर ९५ टक्क्यांच्या वर. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगसुद्धा १९९६ मध्ये इथेच आला होता. हे सगळं मी रात्री जागून वाचत होते आणि खरं सांगते, त्या रात्री मला जरा झोप लागली ती या आकड्यांमुळे.

आता आमची गोष्ट. नवऱ्याला एका बाजूला कडक गाठ लागली, दुखत अजिबात नव्हती. गावातल्या एका वॉक-इन क्लिनिकमध्ये गेलो, त्यांचं नाव लिहीत नाही, तिथे इन्फेक्शन असेल म्हणून अँटिबायोटिक देऊन पाठवलं, अल्ट्रासाउंड नाही की ब्लड टेस्ट नाही. कोर्स संपला, गाठ तशीच. याचा मला अजून राग येतो, कारण न दुखणारी कडक गाठ असेल तर अल्ट्रासाउंड करायचाच असतो, त्यात विचार करायला काही नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते, तसं काही लागलं तर अल्ट्रासाउंड मागून घ्या, लाजू नका. पुढे यूरोलॉजिस्टने मात्र त्याच दिवशी अल्ट्रासाउंड केला, ट्यूमर मार्कर पाठवले, म्हणजे कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच, आणि लगेच ऑपरेशनची तारीख दिली. यात बायोप्सी करत नाहीत, सुई घालायची नसते, जांघेतून चीर देऊन अख्खं टेस्टिकल काढतात, कारण खालून उघडलं तर कॅन्सर दुसऱ्याच वाटेने पसरायची भीती असते. मार्कर ऑपरेशनच्या आधीच घेतलेले असावेत, नाहीतर नंतर तुलना करायला काही राहत नाही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आधी पोर्टलवर, म्हणजे पेशंटच्या ऑनलाइन अकाउंटवर, आला आणि डॉक्टरांचा फोन नंतर. २०२१ पासून नियमच आहे की रिपोर्ट तयार झाला की पेशंटला लगेच दिसला पाहिजे, त्यामुळे असं कुठेही होऊ शकतं. आम्ही किचनमध्ये उभ्या उभ्या फोनवर तो वाचला आणि त्यातला निम्मा समजला नाही. नॉन-सेमिनोमा, हा या कॅन्सरच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक, आणि त्यातही मिश्र प्रकारचा. मग सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूच्या लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, वाढलेल्या दिसल्या. त्याच आठवड्यात आमच्या यूरोलॉजिस्टनेच आम्हाला सांगितलं की हे मी माझ्याकडे ठेवणार नाही, आययूला पाठवतो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. किती डॉक्टर असं सांगतात!

पहिली अपॉइंटमेंट मिळायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला, पण त्यासाठी कागदपत्रं आधी पोचणं फार महत्त्वाचं आहे. पॅथॉलॉजीचा नुसता रिपोर्ट चालत नाही, खऱ्या काचेच्या स्लाइड्स मागवतात आणि त्यांचे पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा बघतात. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. आमच्या बाबतीत दुसऱ्या वाचनात टेराटोमाचा, म्हणजे या गाठीतल्या एका वेगळ्या प्रकारच्या पेशींचा, थोडा भाग निघाला जो पहिल्या रिपोर्टमध्ये नव्हता, आणि टेराटोमावर केमोचा परिणाम होत नाही, त्यामुळे केमोनंतर गाठ उरली तर ती काढावी लागणार हे पहिल्याच दिवशी आम्हाला माहीत होतं. सीटीने मात्र डोकं उठवलं, ज्या स्कॅन सेंटरमध्ये काढला होता त्यांनी दिलेली सीडी उघडेचना, परत जाऊन दुसरी आणावी लागली. तुम्ही घरीच कॉम्प्युटरवर लावून बघा आणि मगच निघा, शिवाय इमेजेस इलेक्ट्रॉनिक पाठवता येतात का तेही विचारा.

कोलंबसहून आय-६५ने गेलं की पाऊण-एक तास. हॉस्पिटलच्या कॅम्पसवर पहिल्यांदा गेलं की गोंधळायला होतं, मेथडिस्ट एका बाजूला, युनिव्हर्सिटी आणि रायली दुसऱ्या बाजूला, मध्ये दीड-दोन मैलांचं अंतर. पूर्वी २००३ पासून या हॉस्पिटलांच्या मध्ये उंचावरून एक छोटी ट्रेन धावायची, पीपल मूव्हर म्हणायचे, ती २०१९ मध्ये बंद झाली. आता मेथडिस्टच्या शेजारी सोळाव्या स्ट्रीटला ४.३ अब्ज डॉलरचं नवीन हॉस्पिटल बांधतायत, ८६४ बेडचं, त्यात मेथडिस्ट आणि युनिव्हर्सिटी दोन्ही एकाच जागी आणायचं ठरलंय, २०२७ च्या शेवटाला. तोपर्यंत अपॉइंटमेंटच्या पत्रावरचं बिल्डिंगचं नाव नीट वाचून जीपीएसमध्ये तोच पत्ता टाका, नुसतं ‘आययू हेल्थ’ टाकलं तर भलतीकडे पोचाल.

टीचिंग हॉस्पिटल आहे त्यामुळे आधी मेडिकल स्टुडंट येतो, मग रेसिडेंट किंवा फेलो, मग मुख्य डॉक्टर. तीच हिस्ट्री पुन्हा पुन्हा सांगायची. अनेकांना याचा कंटाळा येतो, काही जण तर चिडतात, मला ते पटत नाही. आमच्याकडे आलेल्या स्टुडंट मुलीने विचारलं की लहानपणी टेस्टिकल खाली उतरायला उशीर झाला होता का. नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. सासूबाईंना तिथूनच फोन लावला, भारतात रात्र झाली होती, त्या म्हणाल्या, "अरे हो, तू दोन वर्षांचा असताना ऑपरेशन केलं होतं ना, तुला कधी सांगितलंच नाही, त्यात सांगायचं काय." हा या कॅन्सरचा माहीत असलेला रिस्क फॅक्टर आहे. आणि मग त्या मुलीने फार व्यवस्थित समजावून सांगितलं की दुसऱ्या बाजूची तपासणी दर महिन्याला स्वतः कशी करायची, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच फिरवून. आजवर कुणी हे सांगितलं नव्हतं, तिशी उलटलेल्या माणसाला. आणि तुमचा मुलगा लहान असताना असं काही ऑपरेशन झालं असेल तर प्लीज त्याला मोठा झाल्यावर सांगा.

मुख्य डॉक्टर आले तेव्हा त्यांच्याकडे सगळं वाचून झालेलं होतं. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, नोड्स कुठे आहेत ते दाखवलं, आणि म्हणाले की ‘गुड रिस्क’ ग्रुप आहे, म्हणजे बरं होण्याची शक्यता चांगली असलेला, बीईपीच्या तीन सायकल. बीईपी म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन. गुड रिस्क पेशंटला चारऐवजी तीन सायकल पुरतात हे दाखवणारा अभ्यास याच लोकांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात झालेला आहे, आणि एक सायकल कमी म्हणजे किडनी, कान, फुफ्फुसं यांच्यावरचा तेवढा मार कमी. मी विचारलं की खात्री करायला चौथी दिली तर? ते म्हणाले की फायदा वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो. इतक्या ठामपणे ‘जास्त नको’ म्हणणारा डॉक्टर त्या विषयात मुरलेलाच असतो, असं माझं मत आहे.

आणि मग ते म्हणाले की केमो तुम्ही कोलंबसलाच घ्या. मला धक्काच बसला, मला वाटलं आता रोज एवढं ड्राइव्ह करायचंय, सुट्ट्या टाकायच्यात. बीईपीमध्ये सायकलचे पहिले पाच दिवस रोज जावं लागतं, तासन्‌तास सलाइन, आणि ब्लिओमायसिन दर आठवड्याला, २१ दिवसांची एक सायकल. त्यांनी प्लॅन लिहून आमच्या गावातल्या ऑन्कॉलॉजिस्टला पाठवला, फोनवर बोलले, आणि काही अडलं तर विचारा असं सांगितलं. दोन गोष्टी मात्र बजावल्या, एक म्हणजे पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून केमो पुढे ढकलायची नाही, आणि दुसरी म्हणजे डोस कमी करायचे नाहीत, कारण या कॅन्सरमध्ये वेळापत्रक पाळण्यावरच बरं होणं अवलंबून असतं. नवऱ्याच्या दुसऱ्या सायकलच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशी खरंच खाली होत्या आणि आमच्या लोकल ऑन्कॉलॉजिस्टने आययूला फोन करून विचारलं आणि ठरल्या दिवशी सुरू केलं. राज्यभर पसरलेल्या सिस्टिमचा आणि त्यांच्या बाहेरच्याही डॉक्टरांशी असलेल्या संबंधाचा खरा उपयोग मला इथे दिसला, कोलंबसचं हॉस्पिटल आययू हेल्थचं नाहीये तरीसुद्धा. पेशंट आपल्या घरी, आपल्या बिछान्यात, आणि निर्णय मात्र त्या माणसांचा ज्यांनी हजारो केसेस बघितल्यात.

केमोच्या आधी स्पर्म बँकिंग, म्हणजे पुढे मूल होण्यासाठी वीर्य गोठवून ठेवणं. हे फार महत्त्वाचं आहे आणि याच्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. सिसप्लॅटिनने स्पर्म काउंट खाली जातो, बऱ्याच जणांचा काही वर्षांत परत येतो, सगळ्यांचा येतोच असं नाही, म्हणून केमो सुरू व्हायच्या आधी ठेवून द्यायचं. तोपर्यंत सासूबाई मदतीला इथे आल्या होत्या आणि त्या दिवशी खोलीत आमच्याबरोबर होत्या. नर्सने त्यांना अगदी आदराने सांगितलं की तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसाल का, मग दार लावून आम्हा दोघांना विचारलं की मुलं हवी आहेत का, बँकिंग केलंय का, खर्चाचं काय. ना संकोच, ना घाई. इन्शुरन्स हा खर्च देतंच असं नाही, आमच्या प्लॅनने दिला नाही, पण तरी करा. अजून लग्न न झालेल्या मुलांनी तर नक्की करा, आणि आईवडिलांनी त्यांना यात अवघडून टाकू नका.

भाषेचा प्रश्न असेल तर दुभाषा फुकट मिळतो, हॉस्पिटलने तो द्यायचाच असतो, मराठीसाठी तो फोनवर किंवा व्हिडिओवर येतो. सासूबाईंना केमो म्हणजे काय हे एकदा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं, तेव्हा आम्ही मागितला. मी स्वतः भाषांतर करून सांगितलं असतं तर त्यातलं निम्मं मी गाळलं असतं, मुलाचे केस जाणार, उलट्या होणार हे आईला कसं सांगणार. त्या दुभाष्या बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि सासूबाईंनी शेवटी डॉक्टरांना सरळ विचारलं, "माझा मुलगा वाचेल ना?" डॉक्टर म्हणाले की आमची तीच अपेक्षा आहे आणि त्यासाठीच ही सगळी ट्रीटमेंट आहे. त्यानंतर त्या जेवायला लागल्या.

केमोबद्दल फार लिहीत नाही. उलट्यांसाठी आता औषधं चांगली आहेत, थकवा भयंकर येतो, कानात आवाज येणं सुरू झालं ते अजून थोडं आहे. बॅग लावायच्या आधी दोन नर्स येऊन नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचायच्या आणि बॅगेवरच्या लेबलशी ताडून बघायच्या, दर वेळी, एकदाही न चुकता. मला त्याने खूप धीर यायचा. ब्लिओमायसिन चालू असताना कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच कळवायचं, कारण ते फुफ्फुसावर जातं.

तीन सायकलनंतर मार्कर नॉर्मल झाले पण सीटीमध्ये एक सेंटिमीटरपेक्षा मोठा नोड उरला होता. म्हणजे ऑपरेशन, ज्याला आरपीएलएनडी म्हणतात, पोट उघडून मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या लिम्फ नोड्स काढायच्या. हे मात्र कुठेही करून चालत नाही आणि यासाठी मी अक्षरशः कुणाशीही भांडायला तयार होते. महाधमनीच्या कडेने बारीक नसा जातात, त्या तुटल्या तर वीर्य बाहेर येणं बंद होतं, म्हणजे नैसर्गिकरीत्या मूल होणं अवघड. त्या नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत ज्यांनी पुढे आणली त्यात याच युनिव्हर्सिटीचे सर्जन डॉ. जॉन डोनोह्यू यांचं नाव आघाडीवर आहे, आणि आज तिथे हे ऑपरेशन नेहमीचं काम आहे.

इन्शुरन्स कंपनीने इथे आडवं लावलं, नाव नको, आधी म्हणे प्री-ऑथरायझेशन, म्हणजे ऑपरेशनआधी घ्यायची मंजुरी, अपूर्ण आहे, मग म्हणे जवळच्या हॉस्पिटलमध्ये का नाही करत. सर्जनच्या ऑफिसने त्यांच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलणं केलं, ज्याला पीअर-टू-पीअर म्हणतात, आणि मग मंजूर झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच शब्द वापरून सर्जनच्या ऑफिसला पीअर-टू-पीअर करायला सांगा आणि इन्शुरन्सच्या प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर भेटायला आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, ब्लिओमायसिन एकूण किती झालं? ब्लिओमायसिन घेतलेल्या पेशंटला भूल देताना ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त द्यायचा नसतो आणि सलाइनही बेताने, नाहीतर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. आम्ही सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं. स्पेशालिटी केअर म्हणजे नुसता नावाजलेला सर्जन नव्हे. स्लाइड वाचणारा, स्कॅन वाचणारा, भूल देणारा, वॉर्डमधली नर्स, या सगळ्यांनी हा पेशंट आधी शंभरदा बघितलेला असतो आणि पैसे खरे तिथे वसूल होतात.

काढलेल्या नोडमध्ये टेराटोमा निघाला, जिवंत कॅन्सर नव्हता. नसा वाचल्या. काही आठवडे लो-फॅट खायला सांगितलं, कारण पोटातल्या लिम्फच्या नळ्या कापलेल्या असतात आणि फॅटमुळे तिथे पाणी साठू शकतं. घरी आल्यावर पोर्टलवर मेसेज टाकला की साधारण दुसऱ्या दिवशीपर्यंत नर्सचं उत्तर यायचं, जास्त असेल तर फोन. रात्रीबेरात्री ताप आला तर मेसेज टाकत बसू नका, ऑन-कॉलला फोन करा, केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे इमर्जन्सी.

आता पैशांचं. स्वस्त नाहीये, अजिबात नाही. इंडियानातल्या हॉस्पिटलांचे दर देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत हे रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासांमध्ये वारंवार आलंय, त्यावर राज्यात खूप गदारोळ झाला आणि आययू हेल्थने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०२५ पर्यंत दर वाढवणार नाही. नॉन-प्रॉफिट असूनही एवढे दर का, हा प्रश्न मला योग्यच वाटतो आणि तो विचारला गेलाच पाहिजे. आमचं आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, म्हणजे वर्षात स्वतःच्या खिशातून भरायची कमाल रक्कम, लवकर भरलं, त्यानंतर जवळजवळ सगळं कव्हर झालं. जमत असेल तर मोठी कामं एकाच कॅलेंडर वर्षात बसवा. हॉस्पिटलचं बिल वेगळं आणि डॉक्टरांचं वेगळं येतं, दोन्ही खरीच असतात, पण इन्शुरन्सचा ईओबी, म्हणजे त्यांनी किती दिले आणि तुम्ही किती द्यायचे हे सांगणारा कागद, आल्याशिवाय काहीही भरू नका. इन-नेटवर्क, म्हणजे इन्शुरन्सशी करार असलेल्या, हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ किंवा पॅथॉलॉजिस्ट आउट-ऑफ-नेटवर्क निघाला तरी २०२२ पासूनच्या नो सरप्रायझेस कायद्यामुळे ते तुमच्याकडून जादा घेऊ शकत नाहीत. आणि झेपत नसेल तर फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज मागा, प्रत्येक नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलला तशी पॉलिसी ठेवावीच लागते. लाज कसली त्यात.

एच-१बी व्हिसावर असाल तर नोकरीची भीती वाटते, आम्हालाही वाटली. कंपनीत १२ महिने पूर्ण झाले असतील, तास भरले असतील आणि कंपनी पुरेशी मोठी असेल तर एफएमएलए, म्हणजे आजारपणाच्या रजेचा कायदा, एच-१बी वाल्यांनाही लागू होतो, १२ आठवडे बिनपगारी पण नोकरी सुरक्षित, आणि कंपनीचा शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटीचा प्लॅन असेल तर त्यातून पगाराचा काही भाग मिळतो. फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यायला वेळ लागतो, पहिल्याच व्हिजिटला द्या.

कुणी जावं? टेस्टिक्युलर कॅन्सरसाठी, निदान एक सेकंड ओपिनियन तरी, अगदी स्टेज वन, म्हणजे कॅन्सर पसरलेला नसला तरी, कारण तेव्हा केमो न देता नुसतं लक्ष ठेवायचं की काय हा निर्णयही अनुभवाचाच असतो. कॅन्सर परत आलेल्यांनी तर नक्कीच, हाय-डोस केमो आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांटवरचा त्यांचा २००७ चा अभ्यास आहे, १८४ पेशंटपैकी ११६ जणांना आजार परत आला नव्हता, आणि ही सगळी अशी माणसं ज्यांची पहिली ट्रीटमेंट फसलेली होती. मुलांच्या हृदयाच्या किंवा जन्मजात आजारांसाठी रायली, ते १९२४ पासून आहे, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा तिथला अनुभव फार चांगला आहे पण ते त्यांनी लिहावं. साध्या गोष्टींसाठी, म्हणजे शुगर, बीपी, गुडघेदुखी, यासाठी एवढ्या लांब जाऊन एवढे पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, गावातला डॉक्टर पुरतो.

आमचा फॉलोअप चालू आहे, ब्लड टेस्ट आणि छातीचा एक्स-रे कोलंबसला होतात आणि रिपोर्ट तिकडे जातात. ट्रीटमेंट संपली तरी सिसप्लॅटिनच्या पेशंटला पुढे बीपी, कोलेस्टेरॉल, किडनी, टेस्टोस्टेरॉन आणि कान हे बघत राहावं लागतं, ते त्यांनी लिहून दिलंय आणि त्याची एक कॉपी आमच्या फॅमिली डॉक्टरकडे आहे, दुसरी नवऱ्याच्या फोनमध्ये. उद्या टेक्सासला किंवा भारतात शिफ्ट झालो तरी कुठल्याही डॉक्टरला दाखवता यावं म्हणून. निघताना ही समरी आणि केमोच्या एकूण डोसचा हिशोब मागून घ्या, विशेषतः ब्लिओमायसिनचा, पुढे कधीही कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणारा डॉक्टर तेच आधी विचारणार आहे.